कुत्र्यांच्या मास्तरांची परीक्षा



संयोजकांनी सांगितलं, कामाबद्दल बोल. मी घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातले बरेच जण फोन करून एकच विचारतात, "ट्रेनर ठेवायचाय, सर्टिफिकेटवाला बघू का?" त्याचं उत्तर आज सगळ्यांना एकदम देते.

आपल्या बाईंना शाळेत शिकवण्याआधी डी.एड., बी.एड. करावं लागलं. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट लागतो, रिक्षा चालवायला बॅज लागतो. पुण्यात कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो. पिल्लांची पैदास करून विकायची, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पण त्याच कुत्र्याला शिकवायला? काहीच लागत नाही. उद्या कुणीही पट्टा हातात घेऊन ट्रेनरची पाटी लावू शकतो.

त्यात बिघडतं काय? शिकलेला कुत्रा शांत बसतो आणि मार खाल्लेलाही शांत बसतो. मालकाला दोन्ही सारखेच दिसतात. फरक बारीक असतो: शेपूट पायात, कान मागे, भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडेलच असं नाही. मग एखाद्या दिवशी तो न गुरगुरता घरातल्या पोराला चावतो, आणि सगळे म्हणतात, कुत्राच वाईट. मारहाण हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळचा दंड किती? १० ते ५० रुपये!

सरकारी कुत्र्यांना मात्र शाळा आहे. शिवाजीनगरला सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी ३,३२९ किलो आरडीएक्स शोधणारा 'जंजीर' तिथेच शिकला. घरच्या कुत्र्यांसाठी तशी सोय नाही.

अमेरिकेत कायद्याची सक्ती नाही, पण २००१ पासून ट्रेनरांची परीक्षा घेणारी एक स्वतंत्र संस्था आहे. आधी ३०० तासांचा अनुभव दाखवायचा, मग लेखी परीक्षा, आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण. मुख्य म्हणजे शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. आपल्याकडे पुष्कळदा एकच माणूस दोन दिवस शिकवतो, तोच पास करतो आणि तोच सही ठोकतो. म्हणून सर्टिफिकेट दिसलं की पहिला प्रश्न विचारा, तुमची परीक्षा कुणी घेतली? दुसरा, शिकवताना मी समोर बसू का? तिसरा, कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? "आठ दिवस माझ्याकडे सोडा, बघायला येऊ नका," असं कुणी म्हणालं, तर कुत्रा घरी परत आणा.

आता माझं गाऱ्हाणं. लक्ष्मीनगरची दोन मुलं माझ्याबरोबर काम करतात. बिथरलेला कुत्रा त्यांच्याजवळ पाच मिनिटांत बसतो, इतका त्यांचा हात चांगला आहे. पण त्या परदेशी परीक्षा मराठीत नाहीत, आणि फीही त्यांच्या आवाक्यातली नाही. कल्याणीनगरच्या सोसायट्यांत गेटवर कागद मागतात. दोन दिवसांचा कोर्स केलेला आत जातो, आणि चार वर्षं कुत्र्यांत घालवलेली माझी पोरं बाहेर उभी राहतात. कागद नको असं मी म्हणत नाही. खरा कागद हवा आणि तो त्यांनाही मिळायला हवा.

तेव्हा मदत मागते. आपल्या बॅचमध्ये पशुवैद्य आहेत, वकील आहेत. मराठीतली एक साधी परीक्षा आपण तयार करू: अर्धी लेखी, अर्धी प्रत्यक्ष कुत्र्यासमोर. तपासायला पशुवैद्य आणि बाहेरचे ट्रेनर बसतील, मी नाही. सरकार मानो न मानो, येरवड्यातल्या चार सोसायट्यांनी मानली तरी सुरुवात होईल. आणि प्रश्नपत्रिका काढायला आमचे गुरुजन आहेतच. आम्हाला एवढ्या परीक्षा दिल्यात, आता कुत्र्यांच्या मास्तरांचीही एक घ्या.