दिवस वैराचा, रात्र प्रेमाची
(युवा शिबिरातील भाषण)



मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. तरी आज ‘रोमिओ आणि ज्युलिएट’बद्दल बोलणार आहे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: इटलीतल्या व्हेरोना शहरातली दोन वैरी घराणी, त्यांची दोन मुलं आणि शेवटी दोघांचाही मृत्यू. तरुण या जोडीच्या नावानं आणाभाका घेतात, तर थोरले ‘बघा, घाई केली की काय होतं’ म्हणून दम भरतात. शेक्सपिअरनं नाटकात ज्या प्रतिमा पेरल्या आहेत, त्या मात्र वेगळंच काही सांगतात.

पहिली प्रतिमा उजेडाची. नाटक प्रथम छापलं गेलं १५९७ साली. त्या काळी लंडनच्या सार्वजनिक नाट्यगृहांत मधला भाग उघडा असे आणि प्रयोग दुपारी होत. म्हणजे भर दिवसा प्रेक्षकाला रात्र दाखवायची, आणि ती मुख्यतः शब्दांनी! चंद्र, तारे, मशाली, वीज यांच्या प्रतिमा इथे प्रकाशयोजनेचंच काम करतात.

आता घटनांच्या वेळा बघा. पहिली मारामारी सकाळी, भर रस्त्यात. दुसरी तापलेल्या दिवसा. तीत मर्क्युशिओ आणि टिबाल्ट मरतात. प्रेमिकांची पहिली भेट मात्र रात्रीच्या मेजवानीत, बाल्कनीतली भेटही रात्री. लग्न तेवढं दिवसा होतं, तेही पाद्री लॉरेन्सकडे, चोरून. रोमिओ ज्युलिएटला सूर्य म्हणतो, तो मध्यरात्री. ती म्हणते, रोमिओचे तारे करून आकाशात लावले तर सगळं जग रात्रीवर भाळेल आणि सूर्याला कुणी पुजणार नाही. पहाटे ती हट्ट धरते, की हा चंडोल नाही, रात्रीचा बुलबुल गातोय.

या मुलांना अंधाराची हौस आहे का? दिवस वैराच्या ताब्यात आहे. उजेडात त्यांना कुणी जागाच ठेवलेली नाही.

दुसरी प्रतिमा विषाची. लॉरेन्स पहाटे वनस्पती गोळा करतो आणि सांगतो, एकाच फुलात औषधही असतं आणि विषही. पुढे ज्युलिएटला तो मरणासारखी झोप आणणारं औषध देतो. ही युक्ती रोमिओला कळवणारं पत्र मात्र पोचत नाही, कारण ते नेणारा पाद्री प्लेगच्या संशयावरून एका घरात अडकतो. इंजिनिअर म्हणून सांगतो, दोन जीव एका पत्रावर टांगायचे आणि पोच मिळाली की नाही तेही बघायचं नाही, ही योजना कुठल्याच तपासणीत पास झाली नसती. पण लपवून करायचं म्हटलं की योजना अशाच होतात. चार माणसांना विचारता येत नाही, दुसरा मार्ग ठेवता येत नाही.

तिसरी प्रतिमा सोन्याची. रोमिओ एका गरीब औषधविक्याकडून चाळीस डुकाटांना विष घेतो आणि पैसे देताना म्हणतो, खरं विष हे सोनंच आहे, तुझ्या औषधापेक्षा यानं जास्त माणसं मारली. हे लक्षात ठेवा आणि शेवटच्या प्रवेशाकडे या. मुलं मेली आहेत. ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारीन, असं रोमिओचा बाप जाहीर करतो. तिचा बाप म्हणतो, मीही रोमिओचा तेवढाच मोलाचा उभारीन. मघाशी ज्याला विष म्हटलं, त्याचेच पुतळे! त्या सकाळी सूर्यही तोंड दाखवत नाही.

आता आपल्या घरांकडे बघू. आपलं मन कुणावर जडलंय हे मुलीला, मुलाला दिवसाउजेडी सांगता येतं का? जात, मजहब, फिरका, बिरादरी, घराण्याची इज्जत मध्ये आली की मुलं अंधारात जातात, आणि मग आपण त्यांनाच घाईखोर म्हणतो. मी तुम्हाला पळून जा म्हणत नाही. लपण्यातला धोका नाटकानं पुरेसा दाखवला आहे. माझं म्हणणं एवढंच, की घरात उजेडात बोलायची सवय आधी लावा. आज ती आईवडिलांकडे मागा आणि उद्या स्वतः आईबाप व्हाल तेव्हा ती द्या.

पुतळ्यांची बोली लागण्याआधी ज्युलिएटचा बाप रोमिओच्या बापाला भाऊ म्हणतो आणि त्याचा हात मागतो. हा हात पहिल्या अंकातही मागता आला असता.