डावीकडून उजवीकडे

(मंडळाच्या ऑगस्टमधल्या कार्यक्रमात वेस्ट विंडसर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सॅलडवर बोलायला सांगितलंय हे ऐकून माझ्या बायकोला दहा मिनिटं हसू आवरेना. बरोबरच आहे. लग्नाआधी एडिसनला चार मित्रांबरोबर राहायचो, तेव्हा पिझ्झाबरोबर जे फुकट येतं आणि तसंच कचऱ्यात जातं ते सॅलड, अशी माझी व्याख्या होती. तेव्हा आजचा वक्ता तज्ज्ञ नाही, कन्सल्टंट आहे. फरक तुम्हाला ठाऊकच आहे.

सुरुवात एका कागदापासून करतो. गेल्या वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, रक्ततपासणीत माझा ए-वन-सी ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस. मी डॉक्टरांना म्हटलं, पण मी जाड कुठे आहे? तेव्हा कळलं की अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ सालीच आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली आहे. माझा २४. माझ्या बाबांना बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. त्या दिवशी रूट वनवरून घरी येताना मी गाडीत रेडिओ लावला नाही.

मग इंजिनिअर जे करतो ते केलं. प्रॉब्लेम नीट न समजून घेता सोल्यूशन विकत आणलं! पालकाचा मोठा डबा आणि 'फॅट-फ्री' ड्रेसिंगच्या तीन बाटल्या. आठ दिवस नाक मुठीत धरून खाल्लं. नवव्या दिवशी लेबल वाचलं (डॉक्युमेंटेशन आपण शेवटीच वाचतो). दोन टेबलस्पूनमध्ये नऊ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे दोन चमचे भरून वर थोडी. तेल काढलं की चव जाते, मग ती साखरेने भरून काढायची. आणि गंमत पुढेच आहे. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००४ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सातच माणसं होती. त्यांना पालक, गाजर, टोमॅटो घातलेलं सॅलड दिलं, कधी तेलाच्या ड्रेसिंगसह, कधी बिनतेलाच्या. बिनतेलाच्या सॅलडमधली कॅरोटिन द्रव्यं अंगाला जवळजवळ लागलीच नाहीत. ती तेलात विरघळतात ना. म्हणजे आठ दिवस मी साखर खाल्ली आणि गाजर फुकट घालवलं.

आई तेव्हा जळगावहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिने माझा बाउल बघितला आणि म्हणाली, "अरे, नुसता पाला काय खातोस गुरांसारखा? त्याला काही लावलं नाहीस का?"

ड्रेसिंगला मराठीत शब्द नाही असं मला वाटायचं. आहे की! 'लावणं'. कोशिंबिरीला कूट लावतो, दही लावतो.

दुसऱ्या दिवशी तिने मेथीचा घोळाणा केला. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातली मंडळी मान डोलावताहेत, पुण्या-मुंबईच्यांसाठी सांगतो. कोवळी मेथी आणि पातीचा कांदा बारीक चिरायचा. त्यात दाण्याचं कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. आईने लिंबूही पिळलं. हाताने हलकं कालवायचं, बस. हिरव्या पानांचं सॅलड आपल्याकडे नव्हतंच, हे मी कितीतरी अमेरिकन सहकाऱ्यांना छातीठोकपणे सांगितलेलं होतं. आता मी हाच घोळाणा अरुगुलाचा करतो. थोडा कडसर, थोडा तिखट, मेथीचा चुलतभाऊच.

त्यानंतर मी नीट अभ्यासाला लागलो. फ्रेंच पद्धतीच्या व्हिनेग्रेटचं साधं प्रमाण आहे तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर किंवा लिंबू. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून मध्ये मोहरीची पेस्ट घालतात. ती तेलाचे थेंब धरून ठेवते, सगळं एकजीव होतं. हे मी मोठ्या उत्साहाने आईला समजावत होतो. ती म्हणाली, "म्हणजे फेसलेली मोहरी." काकडीच्या रायत्यात घालतात ना, पाण्याबरोबर वाटून नाकात झिणझिण्या आणणारी, तीच! आणि तीच मोहरी फोडणीत टाकली तर नाकात का जात नाही? मोहरी वाटून पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम तिखटपणा तयार करतं, गरम तेलात ते एन्झाइमच मरतं. दाणे तेच, रनटाइम वेगळा.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला फक्त रॅंच ड्रेसिंग लागतं. रॅंच हे स्टीव्ह हेन्सन नावाच्या गृहस्थांचं, १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात सँटा बार्बराजवळ त्यांच्या हिडन व्हॅली रॅंचवर लोकप्रिय झालेलं. मी घरी ते चक्का थोड्या ताकात सैल करून बनवतो. लसूण, मिरपूड, मीठ, लिंबू आणि भरपूर ताजं डिल. डिल म्हणजे काय? शेपू! जी पोरगी शेपूची भाजी बघून टेबलावरून उठते, ती वाटीभर शेपू गाजराबरोबर चाटूनपुसून खाते. कृपया कोणी तिला सांगू नका, ती मागच्या रांगेत बसलीये आणि सुदैवाने आयपॅडवर आहे.

आता मुख्य बदल सांगतो, पदार्थांचा नव्हे, जागेचा. आपल्या ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. चमचाभर, तोंडी लावायला. उजवीकडे भाजी, आमटी, खाली भात-पोळी. पदार्थ सगळे आपलेच होते, चुकलं होतं ते प्रमाण. आमच्या घरी आता कोशिंबीर उजवीकडे आली आहे, मोठ्या वाटीतून, आणि भात डावीकडे गेलाय, मुदीचा आकार लिंबाएवढा. आईला हे पहिल्यांदा अशुभच वाटलं.

पण चमचाभर कोशिंबीर आणि बाउलभर कोशिंबीर यांत फरक पडतो. पोट भरायला हवं, म्हणून मुळ्याच्या कोशिंबिरीत भिजवलेली मूगडाळ थोडी जास्त घालतो, कोबीच्या पचडीत वाफवलेले चणे. साखर मात्र मी बंद केली, यावर घरात अजून एकमत नाही.

भाजी शनिवारी आणतो. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये २००४ पासून जो फार्मर्स मार्केट भरतो, तिथून. एरवी त्याच पार्किंगमधून न्यूयॉर्कची गाडी पकडायला मी धावत असतो. ऑगस्टमधला जर्सी टोमॅटो असेल तर त्याला काहीही लावू नका. मीठ आणि दोन थेंब तेल पुरे.

सहा महिन्यांनी ए-वन-सी ५.८ आला. सॅलडला सगळं श्रेय देऊ नका, मी जेवणानंतर चालायलाही लागलोय. आणि ५.८ म्हणजे अजून रेषेच्या बाहेर आलेलो नाही. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे, दिवाळीच्या फराळानंतर. तारीख बायकोने मुद्दाम तशी घेतली आहे.

मागे टेबलावर तीन पातेली आहेत. एकात घोळाणा, एकात शेपूचं ते ड्रेसिंग, आणि तिसऱ्यात चोचवलेली खमंग काकडी, तुपाजिऱ्याची फोडणी दिलेली. काकडीत मीठ घातलेलं नाही. आधी घातलं तर पाणी सुटून पाच मिनिटांत सूप होतं. तेव्हा तुम्ही रांग लावा, मी मीठ घालायला पुढे जातो.