विचारल्याशिवाय बायका सांगत नाहीत



  डॉक्टरांच्या या इंदूर अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायला हवा. तो छापील अहवालात आहे, कृपया वाचावा. माझा सगळा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे, कारण इतकी वर्षे तो शेवटच्या सत्रात, निम्मे सभागृह जेवायला उठल्यावर येत आला आहे. उतारवयात बायकांचा लघवीवरचा ताबा सुटतो, हा तो विषय.

काल आपण वाद घातला : याबाबत बायकांचे शिक्षण पोस्टरने करावे, व्हिडिओने, की व्याख्यानाने? त्यावरून आठवले, इथल्या रामबागेतल्या एक काकू गुडघ्यांसाठी माझ्याकडे येत. बसायच्या खुर्चीच्या अगदी कडेला. एकदा पातळाखाली प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली. मी सरळ विचारले, "काकू, खोकताना लघवी सांडते का?" त्यांनी आधी दाराकडे पाहिले, बाहेर सून बसली होती. मग म्हणाल्या, "चार बाळंतपणं झाली हो. मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलंय, वयाचा भाग आहे." भजनी मंडळ सुटले होते, ओंकारेश्वरची बस सुटली होती, दुपारनंतर पाणी पिणेही बंद होते. समोरच्या भिंतीवर याच विषयाचे रंगीत पोस्टर होते. ते त्यांनी वाचलेही होते!

'वयाचा भाग' या उत्तरावर माझा राग आहे. बाळंतपणात सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पाळी गेल्यावर घटलेले इस्ट्रोजेन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, मधुमेह, जंतुसंसर्ग, कधी आपणच लिहून दिलेली लघवी वाढवणारी गोळी : यातले काय आहे ते शोधायचे सोडून आपण वयावर ढकलतो. डॉ. आर्नल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम 1948मध्ये मांडला. आपले इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयही 1948चेच. म्हणजे तिथून शिकून बाहेर पडलेल्या कुणालाही उपायच नव्हता असे म्हणता येणार नाही.

हा व्यायाम कागदावरून येत नाही. निम्म्या बायका श्वास कोंडतात, पोट आवळतात किंवा उलट खाली जोर देतात. नेमका कोणता स्नायू आत आणि वर ओढायचा, हे नर्सने किंवा फिजिओथेरपिस्टने तपासून दाखवावे लागते. मग एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पाणी तोडू नये, हेही सांगावे लागते. दाट लघवी मूत्राशयाला अधिकच डिवचते आणि शौचाला खडा होतो तो वेगळाच. काकू पूर्ण बऱ्या झाल्या नाहीत, पण भजनाला परत जाऊ लागल्या.

आपल्या बायका बुजऱ्या, त्या बोलणार नाहीत, असे काही तरुण सहकारी म्हणाले. मला ते मान्य नाही. काकूंच्याच मंडळात आरतीनंतर पुरुष मंडळी गेली, आम्ही दार लावून घेतले आणि मी बोलू लागले. पहिली दहा मिनिटे सगळ्या गप्प. मग सर्वांत थोरल्या आजींनी तोंड उघडले आणि पुढे मला बोलायला जागाच उरली नाही. संकोच आपल्याकडेच जास्त आहे.

2017पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिला मान मिळवलेल्या इंदूर शहराचा मला अभिमान आहे. त्याच शहरात राजवाडा भागात खरेदीला जायचे, तर वाटेत लघवी सांडेल या धास्तीने सकाळपासून घोटभर पाणी न पिणाऱ्या बायका मला रोज भेटतात.

म्हणून आशा कार्यकर्त्यांसाठी मराठी, हिंदी आणि माळवीत एक पुस्तिका करू, भजनी मंडळांत फिरणारे एक पथक उभारू. तपशील कार्यकारिणी ठरवेल. त्यासाठी थांबू मात्र नका. उद्या ओपीडीत पन्नाशी उलटलेली बाई कशासाठीही येवो, सोबतच्या माणसाला बाहेर बसवा आणि खोकताना, शिंकताना, घाईची लागल्यावर लघवी सांडते का, एवढे विचारा. ती 'हो' म्हणाली, तर तिला 'वयाचा भाग' म्हणून घरी पाठवू नका.