प्रश्न त्यांच्या भाषेत
(वार्षिक सभेतील भाषण)



आरोग्याची माहिती लोकांना मिळते का, उमगते का, हे जाणण्यासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली ४४ प्रश्नांची एक प्रश्नावली २०१३ साली प्रसिद्ध झाली. पुढे ती अनेक भाषांत गेली. पण मेळघाटात नुसते मराठी भाषांतर पुरत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिची घडणच वेगळी. शिवाय ‘आरोग्यसेवा देणारे’ म्हटले की कुणाच्या डोळ्यांपुढे आशाताई येईल, कुणाच्या भूमका. आणि ‘सहमत आहात का?’ असे विचारले, तर पाहुण्याचे मन राखायला माउली ‘हो’ म्हणेल. कागद भरेल, पण औषधाची बाटली फळीवर तशीच राहील.

म्हणून एकाने कोरकूत भाषांतर करावे. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत फिरवावे. दोन्ही ताडून पाहावे. मग गावातल्या बायांना प्रश्न वाचून दाखवून विचारावे, “बाई, यातून तुम्हाला काय समजलं?” उत्तर वेगळे आले, तर बदलायचा तो प्रश्न.

याला वेळ लागतो. आपल्या मंडळीत कोरकू व मराठी दोन्ही जाणणारे कोणी असतील, तर त्यांनी अवश्य पुढे यावे. या मातांना प्रार्थनेत आठवा.