घोडा का अडतो?



पान का सडले, भाकरी का करपली आणि घोडा का अडला, हे अकबर-बिरबलाच्या गोष्टीतले कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. पानाला आणि भाकरीला हे उत्तर पुरेसे आहे. घोड्याला मात्र ते अर्धेच लागू पडते. न फिरवलेला घोडा अडतो हे खरे, पण चुकीच्या रीतीने रोज फिरवलेला घोडा त्याहूनही पक्का अडतो. म्हणून घोड्याला म्होरकी घालून, हातात दोरी धरून, शांतपणे आपल्या बरोबर चालायला कसे शिकवावे, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. पण आमच्या घरी दोन पिढ्या घोडी पाळलेली असल्यामुळे या विषयाची ओळख मला पुस्तकाआधी तबेल्यात झाली.

आता मोटारींच्या दिवसांत घोड्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण धनगरांच्या वाड्याबरोबर भीमथडीचे तट्टू अजूनही बिऱ्हाड वाहते. माथेरानला कित्येक कुटुंबांची चूल घोड्यावर चालते. गावोगाव नवरदेवाला वरातीसाठी घोडी लागते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडी विकायला येतात. तिथे घोडा विकत घेणारा माणूस पहिले काम कोणते करतो? दोरी धरून त्याला घराकडे न्यायला निघतो. आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते! जनावर चार पाय रोवून उभे राहते. दोघे पुढून ओढतात, एक मागून चाबूक हाणतो. शेवटी घोडा निघतो, पण निघताना कोणाच्या तरी पायावर पाय देऊन निघतो. मग 'याला खोड आहे' असा शिक्का त्याच्यावर बसतो. खोडीचा घोडा पडत्या भावाने या बाजारातून त्या बाजारात फिरत राहतो आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापेक्षा जास्त मार खातो.

ही खोड त्याला आली कुठून? ते समजायला घोड्याचा स्वभाव थोडा पाहिला पाहिजे. घोडा हे वाघ-लांडग्यांचे भक्ष्य. त्याचे सारे शरीर पळून जीव वाचवण्यासाठी घडलेले आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे जाताना समोरून वा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, बोलत जावे. दुसरी गोष्ट वजनाची. लहानसे तट्टूही माणसाच्या तिप्पट-चौपट जड असते. तेव्हा रस्सीखेचीत आपण त्याला कधीच जिंकणार नाही. हे त्याला कळायच्या आत आपल्याला कळावे, यातच शहाणपण!

आता साधनाकडे येऊ. लगामाचे लोखंड तोंडात असते. म्होरकी तोंडाबाहेर, डोक्यावर असते. कोणी तिला मोरखी म्हणतात. रोज बांधायची म्होरकी रुंद पट्ट्यांची असते. शिकवणीची म्होरकी बारीक, टणक दोरीची असते आणि तिच्या नाकावरच्या भागाला गाठी असतात. दोरी सैल असली की घोड्याला ती जाणवतसुद्धा नाही. ताण दिला की मात्र चांगली जाणवते. ताण केव्हा आहे आणि केव्हा नाही हे जनावराला लख्ख कळावे, एवढाच तिचा उपयोग. हिसके मारण्यासाठी ती वापरली तर ती हातातली काठीच होते.

म्होरकी बसवताना नाकावरचा भाग गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांवर यावा. फार खाली आला तर तो नाकाच्या मऊ भागावर दाबतो. आपल्याला नाक चोंदले तर तोंडाने श्वास घेता येतो, घोड्याला तसे करता येत नाही. तो फक्त नाकानेच श्वास घेतो. गाठीचे मोकळे टोक मागे, मानेकडे वळवावे, म्हणजे डोळ्याला लागत नाही. आणि एक नियम विसरू नये. या बारीक म्होरकीने घोडा खुंट्याला बांधू नये व ती घालून त्याला मोकळा सोडू नये. ती तुटत नाही. कान खाजवताना मागचा पाय तिच्यात अडकला तर जनावर जायबंदी होते. बांधण्यासाठी रुंद म्होरकीच घ्यावी, आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारावी.

पुढची दोरी, जिला जुने मोतद्दार बागदोर म्हणत, दहा-बारा फूट लांब असावी. घोड्याच्या डाव्या अंगाला, त्याच्या खांद्याजवळ उभे राहावे. उजव्या हातात हनुवटीपासून हातभर अंतरावर दोरी, डाव्या हातात उरलेल्या दोरीच्या घड्या. घड्या म्हणतो बरं का, वेढे नव्हेत! हाताला दोरीचा वेढा घेतला आणि घोडा बुजून पळाला, तर बोटे जातात, माणूस फरफटत जातो. मुलांच्या हाती दोरी देणाऱ्यांनी हे आधी शिकवावे.

पहिला धडा चालण्याचा नाहीच. कुंपणाच्या आत, शांत जागी घोडा उभा करा. दोरीवर हलका ताण द्या आणि तेवढाच धरून ठेवा. घोडा मान वर करील, नाक पुढे काढील. आपण ताण वाढवायचा नाही आणि सोडायचाही नाही. थोड्या वेळाने तो ताणाच्या दिशेने बोटभर मान हलवील. त्याच क्षणी दोरी सैल करा. क्षणभर थांबा, मानेवर हात फिरवा, पुन्हा तेच करा. मान खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. आठ-दहा वेळा झाले की त्याला उमगते, दोरीकडे गेले की दोरी सुटते.

सगळी मेख इथे आहे. आपल्याला वाटते, आपण ओढतो म्हणून घोडा शिकतो. तो शिकतो आपण सोडतो तेव्हा. ज्या कृतीनंतर सुटका झाली ती कृती त्याच्या ध्यानात राहते. आता अडलेल्या घोड्याकडे पाहा. माणूस ओढतो, घोडा मागे जोराचा झटका देतो, माणूस दमून दोरी ढिली करतो. धडा पुरा झाला! झटका दिला की सुटका होते, हे घोडा शिकला. दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर झटका देतो. ज्या खोडीला आपण त्याचा स्वभाव म्हणतो, ती आपणच अशी पाठ करून घेतलेली असते.

मान हलू लागली की मग एक पाऊल. आधी आपण पुढे पाहून 'चल' म्हणावे आणि निघावे, त्यानंतरच दोरीवर ताण यावा. हा क्रम मोडू नये. शब्द आधी आणि ताण मागून आला, तर काही दिवसांनी नुसत्या शब्दावर घोडा निघतो. वळून त्याच्या डोळ्यांत पाहत सरळ समोर ओढू नका. तसे केले की तो पाय रोवतो. दोरी थोडी बाजूला न्या. तोल सांभाळायला त्याला पुढचा एक पाय उचलावाच लागतो. तो उचलला की लगेच दोरी सैल. एका पावलाची दोन होतात, दोनाची दहा. तरीही न निघाला तर डाव्या हातातल्या लांब काडीने त्याच्या कुशीला मागच्या बाजूला हलकेच टिचकी द्यावी, आणि तो हलताच थांबावे.

मग थांबणे. 'हो' म्हणून आपण उभे राहायचे. तो पुढे गेलाच तर थोडा ताण देऊन एक पाऊल मागे घ्यायचा आणि सोडायचा. काही घोडी अडत नाहीत, उलट पुढे घुसतात. तिथे लोक दोरी हनुवटीशी घट्ट आवळून चालतात. त्याने घुसणे वाढते. दिवसभर वाजत राहिलेली शाळेची घंटा कोण ऐकणार? सदा ताणलेल्या दोरीचेही तसेच आहे. घुसणाऱ्या घोड्याला लहानसा वळसा द्यावा, खांद्याशी आला की दोरी सैल सोडावी.

शिंगराची गोष्ट वेगळी. त्याची मान कोवळी असते, डोक्याला धरून ओढू नये. आईच्या मागोमाग चालवावे आणि मऊ दोरीचा फास न होणारा वेढा मागच्या पुठ्ठ्याभोवती देऊन तिथून हलके पुढे लोटावे.

दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मान उंच, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, नाकपुड्या फुललेल्या, शेपटी आवळलेली, असे दिसले की जनावर घाबरले आहे. घाबरलेला जीव काही शिकत नाही. अशा वेळी आदल्या सोप्या पायरीवर यावे, ती जमली की त्या दिवसाचा पाठ संपवावा. आवारात जमले की अंगण, मग गल्ली, मग रस्ता. वरातीची घोडी असेल तर ताशा आधी लांबून ऐकवावा, रोज थोडा जवळ आणावा. मोटरसायकलला बुजलेल्या घोड्याला चाबूक मारला तर त्याला एवढेच कळते की मोटरसायकल आली की अंग भाजते. पुढच्या वेळी तो दुप्पट बुजतो, आणि त्या वेळी त्याच्या पाठीवर नवरदेव आणि पुढे नाचणारी पोरे असतात.

घोडा आपल्याला किती बारकाईने वाचतो याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शाळामास्तरांचा हान्स नावाचा घोडा होता. गणित विचारले की तो टाप आपटून बरोबर उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंगस्ट या अभ्यासकाने त्याचा उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकत असे. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलायचे. ते पाहून घोडा थांबायचा. हान्सला गणित येत नव्हते, माणूस मात्र वाचता येत होता. तेव्हा दोरी धरणाऱ्याच्या आवळलेल्या मुठी, ताठ खांदे, रोखलेला श्वास हे सारे घोड्याला कळते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. त्यातही रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये, असे त्याने बजावले आहे. राग आला असेल त्या दिवशी खरारा करावा, शिकवणी ठेवावी उद्यावर.

शिक्षकबंधूंना यात काही ओळखीचे वाटले असेल. मूल म्हणजे घोडा नव्हे, आणि त्याला म्होरकीही नको. तरी वर्गात एखाद्या मुलाला आपण 'ढ' म्हणतो तेव्हा एकदा तपासून पाहावे, की त्याने पुढे टाकलेले पहिले लहान पाऊल आपल्या लक्षात आले होते का, आणि त्या वेळी आपण दोरी सैल केली होती का.

ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांनी उद्या सकाळी एवढेच करावे. आवाराचे दार लावून घ्यावे, म्होरकी दोन बोटे तपासून बसवावी, हलका ताण द्यावा आणि वाट पाहावी. घोड्याने बोटभर मान दिली की सोडावे. तेवढ्यावर पहिला दिवस पुरा झाला असे समजावे.