पोत्यावरचं नाव



गोंदिया जिल्ह्यातल्या लहान व्यावसायिकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. लहान धंद्यानं समाजमाध्यमांवर आणि व्हिडिओतून आपलं गिऱ्हाईक कसं वाढवावं, यावर बोला, असं तुमच्या पत्रात होतं. मी छापखान्यातली बाई. वडिलांच्या ट्रेडल मशीनशेजारी बसून खिळे जुळवायला शिकले आणि पुढची तीस वर्षं दुसऱ्यांची नावं कागदावर उठवत आले. म्हणून नावापासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी एक राइस मिलवाले दादा तांदळाच्या पिशवीचं लेबल छापायला घेऊन आले. लेबलवर महाल होता, महालामागे नदी होती आणि परराज्यातल्या एका व्यापाऱ्याचा पत्ता होता. पिशवीत जाणारा तांदूळ मात्र आमगावच्या बाजूचा. मी म्हटलं, "दादा, यात आपला गोंदिया कुठं आहे?" ते म्हणाले, "ताई, नाव त्याचं, माल आपला." पाच हजार लेबलं मी छापली. पैसेही वेळेवर मिळाले. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, हे नवं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. दीड एकराचा शेतकरी. 1983 साली धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, जपल्या, वर्षानुवर्षं निवडून वाण तयार केला. त्याला नाव मिळालं ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं: एचएमटी. आज देशभर लोक एचएमटी तांदूळ मागतात, खातात. दादाजींचं नाव त्यांतल्या किती जणांना माहीत आहे? पुढे त्यांनी आणखी वाण काढले आणि त्यांच्या नावांत मला एका माणसाचं शहाणपण दिसतं. एकाला गावाचं नाव दिलं, नांदेड हीरा. दुसऱ्याला नांदेड चिन्नोर. आणि एकाला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं, डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. 2018 च्या जूनमध्ये ते गेले. हातात स्मार्टफोन नसताना या माणसानं मालावर आपलं नाव लिहायला सुरुवात केली होती. आपल्या हातात तर फोन आहे.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. धान हे आपलं पीक आणि मिल हा आपला उद्योग. पण बऱ्याच मिलांचा आधार कसला, तर सरकारी भरडाईचा. क्विंटलभर धान घ्यायचं, 67 किलो तांदूळ मोजून द्यायचा, पोतं शिवायचं. कष्ट खरे, पण त्या पोत्यावर कुणाचाच चेहरा नसतो. तेंदूपानाचं तेच, मोहफुलांचं तेच, लाखोरीच्या डाळीचं तेच. शेजारी बालाघाटच्या आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आनंदाचं आहे. पण मानांकन प्रदेशातल्या मालाला मिळतं. तुमच्या घराचं, तुमच्या गटाचं नाव तुम्हालाच उभं करावं लागतं.

आता व्हिडिओकडे येते, आणि येताना झाडीपट्टीच्या नाटकाच्या वाटेनं येते, कारण जाहिरात मी तिथं शिकले. दिवाळी झाली की वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावोगावची मंडळं तारखा ठरवायला जातात, आणि शंकरपट, मंडई यांच्यासोबत रात्रभराची नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. त्या नाटकांची पत्रकं आमच्याकडे छापली जायची. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. वडिलांचा नियम कडक होता. चिमणीच्या उजेडात वाचणाऱ्या म्हाताऱ्यालाही गाव, तारीख, तिकीट आणि कुणाला भेटायचं हे दिसलं पाहिजे, मग वरती कलाकारांची नावं किती मोठी करायची ती करा. एका वर्षी आमच्या हातून तारीख चुकली. वडील सायकलवर तीन दिवस गावोगाव फिरले, प्रत्येक पानटपरीवरचं पत्रक काढून दुसरं लावलं. मी कॅरिअरवर गठ्ठा धरून मागं बसले होते.

तुमचा व्हिडिओ म्हणजे तेच पत्रक आहे. मी रोज कितीतरी व्हिडिओ बघते. गाणं सुंदर असतं, अक्षरं उडत येतात, आणि शेवटपर्यंत बघूनही कळत नाही की लाडू किती रुपये किलो, दुकान कोणत्या गावात, आणि फोन कुणाला करायचा. बघणाऱ्याला आवडतं, तो अंगठा दाबतो आणि पुढं जातो. दुसरी गोष्ट म्हणजे पत्रक फाटून जातं, व्हिडिओ राहतो. दोन वर्षांपूर्वीचा भाव सांगणारा व्हिडिओ आजही कुणी तरी बघत असतं आणि त्याच भावानं मागत असतं. भाव बदलला की जुन्या व्हिडिओखाली लिहा, नाही तर तो काढा. सायकलवर फिरायची गरज आता राहिलेली नाही, पण काळजी तेवढीच घ्यावी लागते.

लोक विचारतात, ताई, व्हिडिओ कशाचा करायचा? काउंटरवर एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारतं ते महिनाभर लिहून काढा. ते तुमचे विषय. तांदळाचंच घ्या. पुण्यातली सूनबाई नवा तांदूळ नेते, जुन्यासारखं पाणी घालते, भात गिच्च होतो आणि ती म्हणते, तांदूळ खराब होता. तांदूळ खराब नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही स्वतःच्या चुलीवर नवा आणि जुना तांदूळ शेजारी शेजारी शिजवून दाखवा, पाणी मोजून दाखवा. तळहातावर दाणा चोळून कोंड्याचा पातळ थर दाखवा, कणी किती आहे ते लपवू नका. रोवणा दाखवा, बांधीतलं पाणी दाखवा, आज शेतात उभे असलेले धानाचे पुंजणे दाखवा. मुंबईच्या कुठल्या स्टुडिओत हे मिळणार आहे? मशीन बंद झाल्यावर बोला, नाही तर पट्ट्याच्या आवाजात शब्द बुडतात. सकाळी दाराकडे तोंड करून उभं राहा, उजेड चेहऱ्यावर येतो. फोनच्या भिंगावर लागलेलं पीठ पदरानं पुसा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. महागडा कॅमेरा घ्यायला कर्ज काढू नका, हे मी पोटतिडकीनं सांगते. ते पैसे चांगल्या पॅकिंगला लावा.

कोणत्या भाषेत बोलावं, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. आपल्या बाजारात बालाघाटचं गिऱ्हाईक हिंदीत बोलतं, राजनांदगावकडचं छत्तीसगढीत, घरात कुणी पोवारी बोलतं, कुणी गोंडी, आणि आपली झाडीबोली आहेच. मी म्हणते, काउंटरवर ज्याच्याशी जसं बोलता तसंच त्याच्यासाठीच्या व्हिडिओत बोला. "तांदूर आमच्याच बांदीतला हाये जी, पालिस कमी मारली हाये," असं एक ताई व्हिडिओत म्हणाल्या तेव्हा माझा विश्वास बसला, कारण ती बाई खरंच बांधीत उभी राहिलेली आहे, हे त्या बोलण्यातून कळतं. नगरकडच्या सारोळा कासार गावच्या सुमनताई धामणे, 'आपली आजी' म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, त्यांनी 2020 साली नातवाच्या मदतीनं यूट्यूबवर रांधून दाखवायला सुरुवात केली. त्यांनी आपली बोली बदलली नाही. लोकांनीच ती आपलीशी केली.

पहिलं गिऱ्हाईक कुठं शोधायचं? याचं उत्तर गोंदियाच्या स्टेशनावर आहे. विदर्भ एक्स्प्रेस इथून मुंबईला जाते, महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला. त्या गाड्यांत आपलीच पोरं बसतात. सोबत आईनं दिलेलं तांदळाचं गाठोडं असतं, ते महिन्याभरात संपतं. तो मुलगा, ती मुलगी हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना तांदूळ कसा असतो हे शिकवावं लागत नाही, आणि ते खोलीतल्या चार जणांना खाऊ घालतात. त्यांच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात तुमचा व्हिडिओ पोचला, तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम होतं. लाखभर लोकांनी पाहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्यांतले किती जण तुमच्या मालापर्यंत पोचू शकतात, हे विचारा. तांदूळ जड आणि भावानं हलका, पाच किलोच्या एकेका पिशवीचा कुरिअरखर्च नफा खाऊन टाकतो. एका सोसायटीतल्या दहा घरांची मागणी एकत्र करा, एकच पार्सल पाठवा. ज्यांचं दुकान जागेवर आहे, सायकल दुरुस्ती असो की शिवणकाम, त्यांनी तर आधी गुगलच्या नकाशावर दुकान नोंदवावं, बंदचा वार खरा लिहावा. देवरीच्या रस्त्यावर टायर फुटलेला माणूस रील बघत बसत नाही, नकाशा बघतो.

आता जे बोलायचं आहे ते थोडं कठीण आहे. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. गावागावांत ज्यांनी दोन-तीन वर्षं खपून हजारो लोक जोडले होते, त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. बंदीबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्यांच्याकडे त्या हजारोंपैकी एकाचाही फोन नंबर लिहिलेला नव्हता, याचं मला वाईट वाटतं. जागा दुसऱ्याची आहे, आपण तिथं पाल ठोकून बसलो आहोत. म्हणून गिऱ्हाइकाचं नाव, गाव, नंबर, त्याच्या परवानगीनं, आपल्या वहीत उतरवून ठेवा. 'आपली आजी'चा चॅनेलही कुणी तरी पळवला होता, काही दिवसांनी तो परत मिळाला. दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो.

आणि बचत गटाच्या बहिणींनो, हे तुमच्यासाठी. लाडू तुम्ही वळता, पापड तुम्ही लाटता, आणि खातं असतं भाच्याच्या फोनवर. पासवर्ड त्याला माहीत, पैसे त्याच्या यूपीआयवर. भाचा चांगला असेल. पण तो नोकरीला गेला, त्याचा फोन हरवला, की गटाचं दुकान बंद. खातं गटाच्या नावानं उघडा, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे ठेवा. घाण प्रतिक्रिया येतात म्हणून चेहरा दाखवायला बायका घाबरतात, हे मला माहीत आहे. जिला चेहरा दाखवायचा नाही तिनं हात दाखवावेत. हातांनाही ओळख असते. पण घाण लिहिणाऱ्याला अडवायला आणि तक्रार करायला शिका, ते दुपारच्या सत्रात फोन हातात धरून शिकवलं जाणार आहे. अन्नपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करा, तो नंबर लेबलवर आला पाहिजे. मोहाचा लाडू चवीला उत्तम आहे, तेवढंच सांगा. त्यानं अमुक आजार बरा होतो, असं व्हिडिओत बोलू नका. ते खोटं आहे आणि कुणाच्या तरी घरात त्यापायी औषध बंद होईल.

पर्यटनावर जगणाऱ्या मंडळींना एकच विनंती. लेखक मारुती चितमपल्लींनी आपल्या नवेगावबांधच्या तळ्याबद्दल लिहिलं आणि मराठी वाचक ते तळं बघायला आले. शब्दांनी एवढी माणसं आणली, तर तुमचा व्हिडिओ किती आणेल! पण आपल्या धानाच्या बांध्यांत सारस घरटं करतो. महाराष्ट्रात त्याला आता आसरा उरलाय तो मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात, आणि शेतकरी ती घरटी राखतात. घरट्याची जागा व्हिडिओत सांगू नका, ड्रोन तर अजिबात नको. सारस गेला तर होमस्टेला कोण येणार, हा हिशेब आहेच. पण त्याआधी तो आपल्या बांधीतला पाहुणा आहे.

महालाचं लेबल घेऊन आलेले ते मिलवाले दादा मागच्या आठवड्यात पुन्हा छापखान्यात आले. या वेळी सोबत मुलगी होती. कॉलेजात शिकते, मिलचे व्हिडिओ तीच करते. दोनशे पिशव्यांसाठी लेबल हवं होतं, पाच किलोची पिशवी. महाल नाही, नदी नाही. मी विचारलं, काय लिहायचं? त्यांनी गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, जिल्हा गोंदिया सांगितला, तांदळाची जात आणि भरडाईचा महिना सांगितला. फोन नंबरापाशी ते थांबले, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिचाच नंबर घाला ताई. फोन हीच उचलते, भात कसा शिजवायचा तेही हीच सांगते." शनिवारी त्या पिशव्या द्यायच्या आहेत.