सहावा पेला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ. "तुमच्या घरी फळांचे पेय करता, त्याची माहिती सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

मुले या पेयाला 'स्मूदी' म्हणतात. नाव नवे, वस्तू जुनी. केळ्याचे शिकरण आणि आंब्याचा रस ही त्याचीच भावंडे. फळाचा चोथा टाकून द्यायचा नाही, गरासकट घुसळून प्यायचे, एवढाच त्याचा अर्थ.

आधी कृती सांगते. सहा माणसांसाठी तीन पिकलेली केळी, पिकलेल्या पपईच्या फोडी दोन वाट्या, घरचे गोडसर दही दोन वाट्या, माठातले पाणी दोन वाट्या, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि थोडी जिरेपूड घ्यावी. भाजलेल्या जवसाची पूड घरात असतेच, तीही दोन चमचे घालावी. साखर घालू नये, फळे पिकलेली असली की गोडी पुरते. सर्व मिक्सरमधून फिरवावे. वीज गेली असेल तर केळी-पपई पळीने कुस्करून रवीने घुसळावी. थोड्या गुठळ्या राहतात, पण काही बिघडत नाही. बाजारचा बर्फ मात्र टाकू नये, त्याचे पाणी कोठले ते आपल्याला कळत नाही.

हे पेय केल्याबरोबर प्यावे. मी एकदा सकाळी करून ठेवले आणि दुपारी पाहुण्यांपुढे मांडले, तर कडू झालेले. माझी चांगलीच फजिती झाली. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा टाकतात ना, तोच पपईचा गुण दुधादह्यावरही चालतो. अननसाचेही तसेच. आमच्या सासूबाई म्हणतात, आंबट फळ दुधात घालू नये. दूध फाटते, तेव्हा त्यांचे म्हणणे खरेच आहे. गरोदर बाईने कच्ची पपई खाऊ नये. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी फळ असे पातळ करून पिऊ नये. ते रक्तात लवकर उतरते. त्यांनी डॉक्टरांना विचारून बेताने फोडी खाव्यात.

ऋतूप्रमाणे फळ बदलावे. वैशाखात आंबा आहे. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या दिसतात. बालाघाटच्या डोंगराचे ते आपले हक्काचे फळ. त्याचा गर चाळणीवर घासून सर्व बिया आधी काढाव्यात, मगच दुधात घुसळावा. बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नये, ती विषारी असते. उवांसाठी तिची पूड डोक्याला लावण्याची रीत आहे, तीही सोडावी. डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. थंडीत पेरू येतो. तो मी घुसळत नाही, भाकरीबरोबर फोडी करून वाढते. त्याचे कारण पुढे सांगते.

भगिनींनो, आता मला जे खरे सांगायचे आहे ते सांगते.

आमच्या घरी माणसे सहा. सासूबाई, यजमान, दोन मुलगे, एक मुलगी आणि मी. पूर्वी मी दोनच केळी घेत असे, त्यात पाच पेले होत. पाचही जणांना दिल्यावर मी मिक्सरच्या भांड्यात पाणी घालायची, ते विसळायची आणि पिऊन टाकायची. माझी आईही आंब्याचा रस सर्वांना वाढून स्वतः कोयी चोखत बसे. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. उलट काही वाया गेले नाही याचे समाधान वाटे.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेत तपासणी झाली. तिचे हिमोग्लोबिन ९ निघाले. ते १२ तरी हवे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "घरात खायला कमी आहे का?" मी म्हटले, "नाही हो, काही कमी नाही."

पुढे आषाढी एकादशीला मी पूजेत होते. मुलीने पेय केले. आजीला दिले, वडिलांना दिले, भावांना दिले, एक पेला माझ्यासाठी झाकून ठेवला. मग तिने भांड्यात पाणी घातले, विसळले आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकले. तिला हे कोणी सांगितले नव्हते. माझ्या काळजात चर्र झाले. मी तिला स्वयंपाक शिकवला होता, तसेच हेही मीच शिकवले होते.

त्या दिवसापासून मी आधी सहा पेले मांडते आणि मग ओतते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "पेले लहान घे, म्हणजे पुरेल." तेही बरोबर होते. नंतर लक्षात आले, एक केळे आणि वाटीभर पाणी वाढवले की सहावा पेला होतो. एवढ्यासाठी इतकी वर्षे आम्ही विसळलेले पाणी प्यालो!

केवळ फळाने रक्त वाढते असे मी म्हणत नाही. फळात लोह थोडेच असते. लोह बाजरीत, डाळी-उसळीत, पालेभाज्यांत आहे, आणि कमी पडेल तेथे गोळीच घ्यावी लागते. पण पेरू, लिंबू, आवळा यांतील क जीवनसत्त्वामुळे ते लोह अंगी लागते. म्हणून भाकरीबरोबर पेरू. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहा ते लोह अडवतो.

सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींना रक्त कमी आढळले. या मंडपात आपण शंभरजणी असू, तर हिशेब आपणच करावा. ही सगळी घरे काही उपाशी नाहीत.

मुलीचे हिमोग्लोबिन आता ११ वर आले आहे. गोळ्या चालू आहेत आणि पेलाही चालू आहे. आज घरी गेल्यावर आपण एवढेच करावे, की पेले मांडताना घरातली माणसे मोजावीत आणि मोजताना स्वतःला विसरू नये.